दिवाळीत हिमालयात जाताय? आधी हवामानाचा अंदाज वाचायला शिका

मुंबई-पुण्यात ऑक्टोबर हीटने घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा आपण मनालीचं बुकिंग करतो. मोबाइलमध्ये 'मनाली' टाकायचं, सूर्याचं चित्र आणि 18 अंश दिसले की झालं, हवामान बघून झालं! पण तो आकडा मनालीच्या बाजारपेठेचा असतो आणि आपण फिरणार असतो त्याच्या हजार-दोन हजार मीटर वर. पहिल्यांदा जाणाऱ्यांची बहुतेक फजिती या एका गोष्टीतून होते. अंदाज जिल्ह्याचा किंवा गावाचा मिळतो. तो आपल्या रस्त्याच्या उंचीला आणि आपण तिथे पोचणार त्या वेळेला लावून घ्यायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ते कसं करायचं, त्यासाठी हा लेख. उदाहरणं हिमाचल आणि उत्तराखंडची आहेत, कारण दिवाळीत आपली निम्मी गर्दी तिकडेच असते.

पहिली पायरी: दिवाळी कुठल्या तारखेला आहे ते बघा

हास्यास्पद वाटेल, पण याने बराच फरक पडतो. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे. सुट्टी तीच, फराळ तोच, पण डोंगरात या अडीच आठवड्यांत ऋतू बदलतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आकाश स्वच्छ, दिवसा ऊन, रात्री थंडी असा मामला असतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उंच खिंडी बंद होण्याच्या बेतात असतात, स्पितीत नळ गोठायला लागतात आणि बरीच हॉटेलं शटर ओढून खाली निघून गेलेली असतात.

चारधामचं गणित तर थेट तिथीवरच चालतं. गंगोत्रीचे दरवाजे अन्नकूटाला, म्हणजे आपल्या पाडव्याला बंद होतात. केदारनाथ आणि यमुनोत्री भाऊबीजेला. बद्रीनाथ त्यानंतर काही दिवस उघडं असतं आणि त्याची तारीख दसऱ्याला जाहीर होते. दिवाळी उशिरा आली की केदारनाथचे शेवटचे दिवसही नोव्हेंबरात जातात आणि 3,583 मीटरवर नोव्हेंबरात बर्फ पडणं ही बातमी नसते.

दुसरी पायरी: प्रवासाच्या कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे उंची लिहा

ट्रॅव्हल्सवाल्याने दिलेल्या कार्यक्रमात हॉटेलचं नाव असतं, जेवणात काय मिळेल ते असतं, उंची नसते. ती आपण लिहायची. मनाली सुमारे 2,050 मीटर. अटल बोगद्याचं तोंड साधारण 3,060. रोहतांग खिंड 3,978. स्पितीत उतरणारी कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. स्पितीतलं काझा 3,600 च्या पुढे.

आता ढोबळ हिशोब: हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. समजा मनालीचं किमान तापमान 6 अंश दिलंय. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी शून्याच्या आसपास आणि रोहतांगला उणे सहा, वर वारा वेगळा. मोबाइलमधल्या 18 अंशांचा आणि या उणे सहाचा काहीही संबंध नसतो, पण दोन्ही एकाच दिवसाचे, एकाच सहलीतले आकडे असतात.

या हिशोबाला एक मोठा अपवाद आहे. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साठते. तेव्हा नदीकाठचं सपाट मैदान वरच्या उतारापेक्षा जास्त गारठतं. म्हणून तंबू लावताना ओढ्याकाठची ती सुंदर हिरवी जागा टाळावी आणि थोडं वर, टेपाडावर जावं. आपल्याकडे महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक वेळा वेण्णा लेकच्या परिसरातूनच येते, त्यामागेही सखल जागेत साठणारी ही थंड हवाच असते.

तिसरी पायरी: पाऊस आणि बर्फ कुठून येतो ते ओळखा

मान्सून पश्चिम राजस्थानातून माघारी निघण्याची सरासरी तारीख 17 सप्टेंबर आहे, आणि सप्टेंबरअखेरीस तो हिमाचल-उत्तराखंडमधून साधारण गेलेला असतो. त्यानंतर जो पाऊस-बर्फ येतो तो मुख्यतः पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत हिमालयावर येऊन आदळतात. बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' किंवा 'पश्चिमी झंझावात' म्हणतात ते हेच. त्यांना खरा जोर येतो डिसेंबरपासून. ऑक्टोबरात ती अधूनमधून येतात आणि एकटी आली तर फार त्रास देत नाहीत. उंचावर थोडा बर्फ, खाली शिडकावा, दोन दिवसांत आकाश मोकळं.

त्रास होतो तो ही क्षेत्रं समुद्रावरून आलेल्या बाष्पाला भेटतात तेव्हा. ऑक्टोबर 2021 मध्ये असंच झालं. पश्चिमी विक्षोभ आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली ओलसर हवा उत्तराखंडवर एकत्र आली आणि मुक्तेश्वरला 24 तासांत 340.8 मिलिमीटर पाऊस झाला. नैनितालचा तलाव रस्त्यावर आला. वर, उंचावर, तोच पाऊस हिमवादळ होऊन कोसळला आणि हर्षिलहून लमखागा खिंड ओलांडून छितकुलला निघालेल्या गिर्यारोहकांपैकी अनेक जण दगावले. तारखा होत्या 17 ते 19 ऑक्टोबर, म्हणजे एरवी ज्या आठवड्याला 'बेस्ट सीझन' म्हणतात तोच.

त्याआधी 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळ 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं. समुद्रकिनारा कुठे, हिमालय कुठे! पण त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि 14 ऑक्टोबरला नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात, थोरोंग खिंडीच्या वाटेवर, प्रचंड बर्फ पडला. 40 हून अधिक माणसं गेली. तेव्हा तुमच्या सहलीच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काही शिजत असेल तर "ते तर आंध्रात आहे" म्हणून बातमी बदलू नका. ते कुठल्या दिशेने वळतंय आणि त्याच वेळी पश्चिमेकडून काही येतंय का, हे बघा. दोन्ही एकदम दिसले तर वरचा बेत सोडा.

चौथी पायरी: कुठला अंदाज कधी बघायचा

दोन महिने आधीपासून रोज ॲप उघडून बसण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनंतरच्या तारखेपुढे दिसणारं ढगाचं चित्र हे निव्वळ मनोरंजन आहे.

भारतीय हवामान विभाग महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचा अंदाज देतो. त्यात 'सरासरीपेक्षा जास्त', 'सरासरीइतका', 'सरासरीपेक्षा कमी' अशा शक्यता असतात. त्यावरून तुमच्या सहलीच्या मंगळवारी काय होईल ते कळत नाही. बेत मोकळा ठेवायचा की घट्ट बांधायचा, एवढं ठरवता येतं. ऑक्टोबर ओला जाण्याची शक्यता असेल तर परत न मिळणारी बुकिंगं करू नका. (पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाची जी दगडी इमारत आहे ती याच खात्याची. 1928 मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, पुढे ते दिल्लीला गेलं, पण मोसमी अंदाजाचं काम अजूनही पुण्यातून चालतं. बसचा तो स्टॉप रोज ऐकणाऱ्यांनाही हे बऱ्याचदा माहीत नसतं.)

दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. निघायच्या आधीचे दोन गुरुवार तो वाचावा. पाच दिवस उरले की शिमला किंवा देहरादूनच्या हवामान केंद्राची जिल्हावार इशाऱ्यांची पानं रोज बघायला लागा. इथून पुढे अंदाज खरोखर कामाचा होतो. आणि प्रत्यक्ष रस्त्यावर असताना 'नाउकास्ट', म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज. 'मौसम' ॲपवर तो मिळतो, 'सचेत' ॲपवर इशारे येतात, आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' आहे.

पाचवी पायरी: बुलेटिनमधले शब्द नीट वाचा

इथे जरा थांबू, कारण बुलेटिन हिंदीत असतं, सोपं वाटतं आणि चुकीचं वाचलं जातं.

आधी रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा, आणि डोंगरात मी त्याचा अर्थ 'आज वर जायचं नाही' असाच घेते. लाल रंगावर चर्चा नको.

मग जागा. आपल्याकडे 'तुरळक ठिकाणी' म्हणतात त्याचा अर्थ त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे जवळजवळ सगळीकडे. हे शब्द किती भागात पडेल ते सांगतात, किती जोरात पडेल ते सांगत नाहीत. तुरळक ठिकाणी पडलेला पाऊसही तुमच्या डोक्यावर धो धो पडू शकतो.

जोर मिलिमीटरमध्ये असतो. 24 तासांत 64.5 मिमीच्या वर गेला की 'जोरदार', 115.6 च्या वर 'अति जोरदार', 204.4 च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. 15.6 ते 64.4 म्हणजे 'मध्यम'. हा मध्यम शब्द फसवा आहे. ढोबळमानाने एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. खाली कुल्लूत 20 मिमी पाऊस पडला तर छत्री उघडून चहा प्यायला जाता येतं. तेच 20 मिमी रोहतांगवर पडले तर वीतभर बर्फ साठतो आणि रस्ता बंद. लाहौल-स्पितीच्या अंदाजात 'हलका ते मध्यम' लिहिलेलं दिसलं तर निवांत होऊ नका, मनातल्या मनात सेंटिमीटर करा.

आणखी एक. नोंदलेला पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. '19 तारखेचा पाऊस' म्हणजे बराचसा 18 तारखेला पडलेला. मागच्या नोंदी बघून अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उंचीचा उल्लेख शोधा. देहरादूनच्या बुलेटिनमध्ये बऱ्याचदा '3500 मीटर व उससे अधिक ऊंचाई वाले स्थानों पर बर्फबारी' असं वाक्य असतं. शिमल्याचं केंद्र मैदानी, मध्य आणि उच्च पर्वतीय असे भाग पाडतं. दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या उंच्या इथे उपयोगी पडतात. केदारनाथ त्या 3,500 च्या रेषेच्या वर आहे, बद्रीनाथ खाली. आणि 'पाला' शब्द दिसला तर तो दंव गोठण्याचा इशारा आहे.

खासगी ॲप वापरत असाल, विंडीसारखं, तर त्यात शून्य अंशाची उंची दाखवणारा थर असतो, 'फ्रीझिंग लेव्हल' नावाचा. बर्फ त्या रेषेच्या साधारण दोन-तीनशे मीटर खालपर्यंत न वितळता पोचतो. रेषा 3,300 मीटरवर असेल तर बोगद्याच्या अलीकडे, मनालीजवळच्या सोलंगला पाऊस आणि बोगद्याच्या पलीकडे सिस्सूत ओला बर्फ, असं चित्र. त्याच ॲपमध्ये दोन-तीन मॉडेल, म्हणजे संगणकावर अंदाज काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धती, निवडता येतात. युरोपीय मॉडेल सुमारे 9 किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकन सुमारे 13. आयआयटीएमने तयार केलेलं आणि मे 2025 पासून वापरात आलेलं आपलं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' 6 किलोमीटरचं. सहा किलोमीटरच्या चौकटीत हिमालयात एक अख्खी दरी आणि तिचे दोन्ही डोंगर मावतात, तेव्हा आकडा गावाला तंतोतंत लागू पडेल अशी अपेक्षाच करू नये. दोन मॉडेल वेगळं सांगत असतील तर त्याचा अर्थ 'अजून नक्की नाही' एवढाच. घरच्यांना पटवायला त्यातलं आपल्या सोयीचं उचलणं, हा प्रकार फार चालतो.

सहावी पायरी: वर गेल्यावर आकाश बघा

नेटवर्क गेलं की ॲप गेलं. मग जुनी पद्धत. पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग यायला लागले, सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं, पहाट अपेक्षेपेक्षा उबदार वाटली, की पश्चिमी विक्षोभ जवळ आला असं समजायचं. एरवी सकाळी तंबूवर कडक पांढरा थर असतो, आज तो नाही, म्हणून खूश होऊ नका. ढगांनी रात्रीची उष्णता धरून ठेवली, याचा तो पुरावा आहे.

घड्याळात अल्टीमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारी सोय, असेल तर झोपताना उंची बघून ठेवा. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि सकाळी घड्याळ पन्नासेक मीटर जास्त दाखवतंय, तर हवेचा दाब उतरलाय. दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे रोजच होतं, ते सोडून द्या.

माणसांना विचारायचं तर हॉटेलमालकाला नको. तो "सब ठीक है सर" म्हणणार, त्याच्या खोल्या भरायच्या असतात. वरून उतरून आलेल्या ट्रकवाल्याला किंवा सरकारी बसच्या कंडक्टरला विचारा: "भैया, ऊपर नाले में बर्फ है क्या? चेन लगानी पड़ी?" तो दोन वाक्यांत सांगतो, आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा ताजं असतं.

सातवी पायरी: बर्फ पडून गेल्यानंतरची सकाळ सांभाळा

नवखे लोक बर्फाच्या दिवसाला घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी निळं आकाश बघून गाडी काढतात. बरेच अपघात या निळ्या दिवशी होतात. विक्षोभ पुढे गेला की ढग हटतात, उत्तरेकडची कोरडी हवा येते, रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते आणि आदल्या दिवशीचं ओलं सगळं गोठतं. रस्त्यावर पारदर्शक पातळ थर बसतो. ड्रायव्हर त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात. डांबर नुसतं ओलं असल्यासारखं दिसतं आणि चाक पडलं की गाडी आपल्या हातात राहत नाही.

हा थर सगळीकडे नसतो. नाला रस्ता ओलांडतो ती जागा, पूल, डोंगराच्या सावलीतलं वळण, बोगद्याची तोंडं, कुठे पाइप गळत असेल तो तुकडा. अंदाजात किमान तापमान 3 अंश आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. हवेचं तापमान जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर मोजतात; स्वच्छ रात्री जमीन त्याहून तीन-चार अंशांनी थंड असू शकते.

आपली सवय कशी, की "पहाटे चारला निघू, रस्ता मोकळा मिळतो". कोकणात जाताना ते बरोबर आहे. इथे उशिरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन रस्त्यावर येईपर्यंत निघूच नये, आणि खोल दरीत ऊन नऊ-दहापर्यंत येत नाही. गंमत म्हणजे हाच सल्ला सप्टेंबरात उलटा होतो. तेव्हा वरचा बर्फ दुपारी वितळून नाले फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडायचे असतात. म्हणजे तुमचा मित्र सप्टेंबरात जाऊन आला आणि "लवकर निघा रे" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, त्याचा महिना वेगळा होता.

गाडीबद्दल थोडक्यात. खालचा गिअर, झटक्यात ब्रेक नाही, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट हवं. भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर मैदानातला आहे की पहाडी, हे बुकिंग करतानाच विचारा. दर थोडा जास्त पडला तरी पहाडी घ्या. आणि बुलेटवाल्यांनी त्या सकाळी चहाच प्यावा.

आठवी पायरी: एक रिकामा दिवस, आणि तो खालीच

सहलीत एक दिवस मोकळा ठेवा असं सगळेच सांगतात. तो कुठे ठेवायचा ते कोणी सांगत नाही. तो शेवटी ठेवा आणि कमी उंचीवर ठेवा. वरच्या गावात मधे ठेवलेला दिवस खर्च होऊन जातो आणि मग खिंड बंद झाली की विमान चुकतं. सप्टेंबर 2018 मध्ये लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली होती. तेव्हा अटल बोगदा नव्हता. तो 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. आता सिस्सू-केलाँगहून बाहेर पडणं सोपं झालंय, पण कुंझुम आणि बारालाचा या खिंडी तेवढ्याच बेभरवशाच्या आहेत. नोव्हेंबरात काझाला जायचंच असेल तर मनाली-कुंझुमचा नाद सोडून शिमला, रामपूर, नाकोमार्गे जा आणि त्याच वाटेने परत या. लांब पडतं, पण तो रस्ता हिवाळ्यातही सहसा चालू असतो.

रस्ता चालू आहे का, हे लाहौल-स्पिती पोलीस समाजमाध्यमांवर नियमित टाकतात. निघायच्या सकाळी ते बघा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077 आहे, आणि दुसऱ्या ठिकाणाहून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लागतो, तो घरी असतानाच शोधून कागदावर लिहून ठेवा. तुमच्या कार्यक्रमाची उंच्या लिहिलेली एक प्रत घरी कोणाकडे तरी द्या. लडाखला उतरणार असाल तर महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या, आणि शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचं.